लाल कमी करा, लाल वाढवा

फेब्रुवारी 2022 मधल्या एका संध्याकाळी माझ्या फोनवर एकाच क्रमांकावरून 11 मिनिटांच्या अंतराने दोन निरोप आले. पहिला होता, ‘मॅडम, लाल जरा कमी करा, अंगावर येतंय.’ दुसरा होता, ‘लाल उठत नाहीये, मळकट वाटतंय, थोडं वाढवा.’ दोन्ही निरोप एकाच चित्राबद्दलचे होते आणि मधल्या 11 मिनिटांत मी त्या चित्राला हातही लावलेला नव्हता. कांदा-लसूण मसाल्याच्या पाकिटाचा तो बारावा आराखडा होता. मी फोन पालथा ठेवला आणि कुकर लावायला उठले, कारण त्या क्षणी उत्तर लिहिले असते तर काम हातचे गेले असते.

जी.डी. आर्ट (कलेची शासकीय पदविका) करून बाहेर पडल्याला मला आता 20 हून अधिक वर्षे झाली. पुण्यात घरातल्याच एका खोलीत माझे काम चालते. पुस्तकांची मुखपृष्ठे, लग्नपत्रिका, दुकानांच्या पाट्या आणि अलीकडे बऱ्याच प्रमाणात खाद्यपदार्थांची पाकिटे असे त्याचे स्वरूप आहे. आम्ही या व्यवसायातली मंडळी एकत्र जमलो की ग्राहकांच्या नकला करणे हा ठरलेला कार्यक्रम असतो. ‘साधं पण रिच’, ‘भरगच्च पण मोकळं’, ‘काहीतरी वेगळं करा, पण नेहमीसारखं’, अशी वाक्ये प्रत्येकाच्या पोतडीत असतात आणि माझी पोतडी काही लहान नाही. या पाकिटाच्या कामानंतर मात्र त्या नकला करताना मी थोडी अडखळते. असे का झाले, ते सांगण्यासाठी हा सगळा प्रकार क्रमाने लिहून काढत आहे.

काम आले ते जानेवारीत. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हातकणंगले तालुक्यात एका कुटुंबाचा मसाल्याचा व्यवसाय आहे. आजींनी शेजारपाजारच्या बायकांना उन्हाळ्यात मसाला करून देण्यापासून सुरुवात केली, त्यांच्या मुलाने घराशेजारी मसाला कुटायचा विजेवरचा डंक बसवला, आणि आता त्यांचा मसाला आठवडी बाजारांपासून इचलकरंजी-सांगलीच्या दुकानांपर्यंत जातो. धाकटा नातू हिंजवडीत संगणकाच्या कंपनीत नोकरीला आहे आणि माझ्याकडे आला तो हाच. त्याने जुने पाकीट टेबलावर ठेवले. जाड पारदर्शक प्लॅस्टिकची ती पिशवी होती आणि तिच्यावर एकाच लाल शाईत आजींचे नाव, वजन आणि फोन क्रमांक एवढेच छापलेले होते. आता त्यांना लॅमिनेट केलेले, फळीवर उभे राहणारे पाऊच हवे होते, तेही 200 ग्रॅम, 500 ग्रॅम आणि 1 किलो अशा तीन मापांत, आणि मिरचीचा हंगाम संपायच्या आत.

मी माझे नेहमीचे प्रश्न विचारले. तुमचे गिऱ्हाईक कोण, असे विचारल्यावर त्याने ‘सगळेच’ असे सांगितले. पाकीट कसे दिसावे, यावर तो थोडा वेळ थांबला आणि मग म्हणाला, ‘ट्रॅडिशनल पाहिजे, पण आमच्या पिढीलाही आवडलं पाहिजे. रिच दिसलं पाहिजे, पण महाग वाटता कामा नये. मोठ्या ब्रँडच्या शेजारी ठेवलं तर कमी वाटू नये, पण त्यांची कॉपीही वाटू नये.’ मी हे सगळे वहीत उतरवून घेतले आणि खाली ठळक रेघ मारली. काम समजले, असा त्या रेघेचा अर्थ होता. आज ते पान उघडले की माझीच मला कीव येते, कारण त्या पानावर केवळ विशेषणे आहेत. एकाही माणसाचे, दुकानाचे किंवा वस्तूचे नाव त्यात कुठेही नाही. कलाशाळेत आम्हाला अक्षरांमधले अंतर केसाएवढे कमी-जास्त करायला शिकवले होते. समोरच्याने ‘रिच’ म्हटल्यावर ‘म्हणजे कशासारखे?’ असे विचारून गप्प बसावे, हे कोणी शिकवले नव्हते.

तीन आठवड्यांनी मी तीन आराखडे पाठवले. पहिल्यात पांढऱ्या पार्श्वभूमीवर एकच वाळलेली मिरची होती, दुसऱ्यात गडद लाल रंगावर लुगड्याच्या काठासारखी वेलबुट्टी होती, आणि तिसऱ्यात चित्र असे काही नव्हतेच, बोरूने काढलेले आजींचे नाव तेवढे मोठे घेतले होते. उत्तर आले की तिन्ही छान आहेत, पण पहिल्याचा मोकळेपणा, दुसऱ्याचा काठ आणि तिसऱ्याचे अक्षर घेऊन एकच करता येईल का? ही मागणी इतकी जुनी आहे की मला तिचा रागही येत नाही. 200 ग्रॅमच्या पाऊचची दर्शनी बाजू 13 बाय 20 सेंटिमीटर होती. तेवढ्या जागेत काठ, मोकळेपणा आणि मोठे अक्षर या तिघांना एकत्र बसवणे म्हणजे एका बाकावर तीन पाहुण्यांना बसवून प्रत्येकाला ऐसपैस बसा म्हणण्यासारखे होते. तरीही मी ते केले. त्यावर ‘गर्दी वाटतेय’ असे कळवण्यात आले. मी काठ काढून टाकला, तेव्हा ‘रिकामं रिकामं वाटतंय’ असे कळवण्यात आले. मग मिरच्यांची संख्या एकावरून पाचावर गेली, पाचावरून तिनावर आली आणि मध्येच कोणाला तरी लसणाचा गड्डा आठवला.

या काळातली एक मागणी मात्र सरळ कायद्यावर जाऊन आदळली. ‘ते हिरवं टिंब काढा, लाल पाकिटावर शोभत नाही,’ असा निरोप आला. हिरव्या चौकटीतले हिरवे वर्तुळ ही शाकाहारी पदार्थाची खूण आहे आणि ती काढता येत नाही, एवढेच नव्हे तर ती मागच्या बाजूला ढकलताही येत नाही. दर्शनी बाजूवर, पदार्थाच्या किंवा ब्रँडच्या नावाजवळ, उठून दिसेल अशा पार्श्वभूमीवरच ती असावी लागते. तिचे मापही ठरलेले आहे. दर्शनी बाजू 100 ते 500 चौरस सेंटिमीटर असेल तर वर्तुळाचा व्यास किमान 4 मिलिमीटर, 500 च्या वर गेली की 6 मिलिमीटर, आणि चौकटीची बाजू व्यासाच्या दुप्पट. हे समजावून सांगितल्यावर पलीकडून आले, ‘मग जरा फिकट हिरवं चालेल का?’ खरे सांगायचे तर मला हा भाग आवडतो. परवान्याचा 14 अंकी क्रमांक, निव्वळ वजन, घटकांची यादी, उत्पादनाची तारीख यांच्याबाबतीत कोणाला काय वाटते याला अर्थ नसतो, आणि आठवडाभर ‘वाटतंय’ ऐकल्यानंतर असे काही समोर आले की हायसे होते. घटकांची यादी तेवढी गावच्या छापखान्यातल्या जुन्या फाइलीतून आली होती आणि माझ्या संगणकावर उघडल्यावर तिच्या जागी नुसत्या चिन्हांचा पाचोळा दिसत होता. अखेर कोणीतरी वहीच्या पानावर स्वच्छ अक्षरात ती लिहून तिचा फोटो पाठवला. त्या अक्षराचा संबंध पुढे येणार आहे.

मग ‘ल’चे प्रकरण उपटले. लसूण आणि मसाला, दोन्ही शब्दांत ल आहे. मी बोरूने काढताना अर्थातच मराठी वळणाचा, दोन पाकळ्यांचा ल काढला होता. संगणकावरच्या पुष्कळ टंकांत (फॉन्टमध्ये) न सांगता हिंदी वळणाचा, उभ्या दंडाचा ल येतो. बाजारातल्या बऱ्याच पाकिटांवर तोच छापलेला असतो आणि मोबाइलवरही तोच दिसतो. निरोप आला, ‘मसालामधला ल वेगळाच दिसतोय, स्टँडर्ड टाका.’ मनातून खट्टू होऊन मी दंडाचा ल टाकून पाठवला. दोन दिवसांनी त्याच क्रमांकावरून विचारणा आली, ‘ल असा का केलात? हा आपला ल नाही.’ याच सुमारास शिरोरेघ काढून टाकली तर अक्षर ‘मॉडर्न’ दिसेल, असाही एक विचार पुढे आला होता. मी तसा नमुना पाठवला आणि त्यावर मिळालेला अभिप्राय मला आजही आवडतो: ‘देवळात जाताना टोपी काढल्यागत दिसतंय.’ हिंजवडीतला मुलगा असे बोलणार नाही, हे माझ्या तेव्हाच लक्षात यायला हवे होते.

लक्षात आले ते त्या बाराव्या आराखड्यानंतर. कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत मी पहिल्यापासूनचे सगळे निरोप वाचत बसले आणि मग एक कोरी वही घेऊन प्रत्येक अभिप्राय वेगळ्या ओळीवर, तारखेसह लिहून काढला. एकूण 38 अभिप्राय निघाले. एका रकान्यात अभिप्राय आणि समोरच्या रकान्यात तो कोणाचा असेल याचा अंदाज, अशी मांडणी केली. काही निरोपांत ‘घरच्यांना वाटतं’ असे होते, काहींत ‘आमचं मत असं’ असे होते, काही नुसतेच पुढे ढकललेले दिसत होते. पण भाषा लपत नव्हती. ‘लूक’, ‘प्रीमियम’, ‘क्लीन’ हे शब्द वापरणारा एक माणूस होता. ‘मळकट’, ‘उठत न्हाई’, ‘टोपी काढल्यागत’ म्हणणारा दुसरा होता. ‘फोन नंबर मोठा करा’ हे एकच वाक्य चार वेळा म्हणणारा तिसरा होता. आणखी एक आवाज होता, जो कधीच सुंदर किंवा कुरूप असे काही बोलत नव्हता. पाकीट फाडल्यावर परत बंद होईल का, तारीख पुसली जाते का, 200 ग्रॅम आणि अर्धा किलो लांबून ओळखू येतील का, असे त्याचे प्रश्न असत. इतके दिवस मी एका गोंधळलेल्या ग्राहकाशी बोलते आहे असे समजत होते. प्रत्यक्षात चार-पाच माणसे, जी एकमेकांशी या विषयावर बोलतही नसावीत, एकाच फोनच्या तोंडातून माझ्याशी बोलत होती.

कोटेशनमध्ये मी तीन वेळा बदल करून देईन असे लिहिले होते. बारा झाले तरी मी त्याचा उच्चार केला नव्हता. भिडेपोटी नव्हे, तर प्रत्येक वेळी ‘एवढे केले की झालेच’ असे वाटत होते म्हणून. आता मी नातवाला फोन केला आणि सांगितले की यापुढचा आराखडा मी फोनवर पाठवणार नाही, घेऊन येईन. तो गडबडला. ‘मॅडम, कशाला त्रास, मी सांगतो ना घरच्यांना.’ मी म्हटले, तेच तर नको आहे.

मार्चमधल्या एका रविवारी मी गेले. पिशवीत आराखड्याच्या खऱ्या मापात काढलेल्या छापील प्रती, कात्री, चिकटपट्टी, पँटोनच्या रंगपट्ट्यांचे पुस्तक आणि दुकानातून विकत घेतलेली इतर कंपन्यांची चार पाकिटे होती. घर शोधावे लागले नाही, मसाल्याचा वास कोपऱ्यावरूनच येत होता. अंगणात ब्याडगी आणि संकेश्वरी मिरची वेगवेगळ्या ताडपत्र्यांवर वाळत पडली होती. काकांनी, म्हणजे नातवाच्या वडिलांनी, पाणी पुढे करण्याआधी मला दोन्हींमधला फरक सांगितला: ब्याडगी रंगाला, संकेश्वरी तिखटाला. ‘रंग तिचा न्हाई आला तर गिऱ्हाईक पुड्याला हात लावत न्हाई, ताई.’ हे वाक्य त्यांनी सहज म्हटले आणि मीही सहज ऐकले. अर्ध्या तासाने त्याचा अर्थ लागला.

आत बसल्यावर मी पहिली गोष्ट केली ती म्हणजे सगळ्यांचे फोन मागून घेतले. तेच बारावे चित्र प्रत्येक फोनवर उघडून चारही फोन चटईवर शेजारीशेजारी ठेवले. काकांचे मागल्या वर्षी मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले होते आणि डोळ्यांना त्रास नको म्हणून नातवाने त्यांच्या फोनची पिवळसर छटा कायमची चालू करून ठेवली होती. त्यांच्या पडद्यावर माझा पांढरा रंग साईसारखा आणि लाल रंग विटेसारखा दिसत होता. थोरल्या सूनबाईंचा फोन नवा होता, त्यावर तोच लाल रंग लग्नमंडपाच्या झालरीसारखा झळाळत होता. एकाला मळकट वाटत होते आणि दुसरीच्या अंगावर येत होते, आणि दोघेही आपापल्या डोळ्यांना दिसणारे खरेच सांगत होते. चौघेही त्या फोनांकडे बराच वेळ वाकून बघत राहिले. थोरला नातू, ज्याला सगळे दादा म्हणत होते, हसत सुटला. मला मात्र हसू आले नाही, कारण पडद्यावरचा रंग आणि छापील रंग एक नसतो हे सगळ्या जगाला सांगत फिरणारी मी, महिनाभर फोनवरच्या रंगावर अभिप्राय मागत होते.

तरीही फोनांनी अर्धाच उलगडा झाला. काकांना छापील प्रत दाखवली तेव्हाही ते म्हणाले, ‘ह्यो लाल न्हवं.’ नातू म्हणाला, ‘पप्पा, मिरचीसारखा लाल आहे की.’ काका म्हणाले, ‘मिरची इकतोय का आपण?’ आणि उठून डब्यातून चमचाभर मसाला घेऊन आले. मी तो पांढऱ्या कागदावर पसरला. कांदा, खोबरे, लसूण, तीळ भाजून मिरचीबरोबर कुटले की जो रंग येतो तो मिरचीचा राहत नाही. तो गडद होतो, तेलाने ओला दिसतो, त्यात लाल असतो पण तपकिरीकडे झुकलेला. मी इतके दिवस मिरचीचा लाल देत होते, कारण मसाल्याची सगळी पाकिटे तशीच असतात. काका मसाल्याचा लाल मागत होते. दोघेही ‘लाल’ म्हणत होतो. रंगपट्ट्या काढून आम्ही कागदाशेजारी एकेक लावत गेलो, कधी दारात उजेडाला, कधी आत ट्यूबखाली, आणि तिसऱ्या-चौथ्या पट्टीला काकांनी बोट ठेवले. सूनबाईंनीही मान हलवली. बारा आराखड्यांत जे झाले नव्हते ते चमचाभर मसाल्याने केले.

काकांच्या आग्रहामागे आणखी एक कारण होते आणि ते त्यांच्या तोंडून निघायला चहा व्हावा लागला. जुनी पिशवी पारदर्शक होती. बाजारात बाई पुडा उचलते, उजेडाकडे धरते, आतला रंग बघते आणि मगच भाव विचारते. नवे पाऊच बंद असणार, म्हणजे गिऱ्हाईकाने काय बघून घ्यायचे? ‘जुन्यासारखंच पाहिजे, पण नवीन,’ हा निरोप मला आला होता आणि मी तो माझ्या पोतडीत टाकून मैत्रिणींना ऐकवलाही होता. त्याचा अर्थ इतका व्यवहारी होता. पाऊचला पारदर्शक खिडकी ठेवायची का, यावर आम्ही तासभर बोललो. खिडकी ठेवली तर उजेडाने मसाल्याचा रंग उतरतो, आणि रंग उतरू नये, वास टिकावा म्हणून तर आतून धातूचा थर असलेली फिल्म घ्यायची होती. शेवटी खिडकी नको असे ठरले, पण मग पाकिटाचा पुढचा भागच मसाल्याच्या रंगाचा असला पाहिजे, हेही आपोआप ठरले. आता तो रंग आवडीनिवडीचा विषय राहिला नव्हता, त्याला खिडकीचे काम करायचे होते.

आजी या सगळ्या वेळात भिंतीला टेकून लसूण सोलत होत्या. पाकिटावर त्यांचा फोटो असावा अशी काकांची फार इच्छा होती, नातवाला तो ‘जुनाट’ वाटत होता, आणि मधला मार्ग म्हणून माझ्याकडे रेखाचित्राची मागणी आली होती. मी तीन रेखाचित्रे केलीही होती. एकात चेहरा तरुण झाला म्हणून परत आले, दुसऱ्यात म्हातारा झाला म्हणून. मी ती तिन्ही आजींसमोर ठेवली आणि त्यांना काय वाटते असे विचारले. त्यांना कोणी विचारले नव्हते, हे त्यांच्या मुलाच्या चेहऱ्यावरूनच कळले. आजींनी चित्रे नीट पाहिली, एकीवर बोट ठेवून ‘ही माझ्या भैनीसारखी दिसती’ म्हणाल्या आणि पुन्हा लसणाकडे वळल्या. मग थोड्या वेळाने, कोणाकडे न बघता म्हणाल्या, ‘मसाला सरला की पुडा कुठं टाकत्यात? उकिरड्यावर. माझं त्वांड तितं कशाला टाकताय?’ काका एकदम गप्प झाले. पाकिटाच्या मागच्या बाजूला अंबाबाईच्या देवळाचे चित्र घालायचाही बेत होता, तो त्यानंतर कोणी काढलाच नाही.

फोटोचा विषय मिटल्यावर दर्शनी भागावर जागा मोकळी झाली आणि ‘रिकामं’ हा शब्द पुन्हा आला. या वेळी तो दादांच्या तोंडून आला, त्यामुळे मला विचारता आले की रिकामे म्हणजे काय. दादा माल घेऊन दुकानोदुकानी फिरतात. त्यांचे म्हणणे असे की दुकानदार पाकीट उलटेसुलटे करून पाहतो, त्याला पुन्हा माल मागवायचा असतो आणि फोन नंबर सापडत नाही. पाकिटावर जागा आहे आणि नंबर बारीक आहे, म्हणून ती जागा त्यांना वाया गेलेली दिसते. नंबर मागच्या बाजूला, वरच्या शिवणीजवळ, ठळक अक्षरात घेतल्यावर दादांना ते पाकीट रिकामे वाटेनासे झाले. पुढच्या बाजूची मोकळी जागा होती तेवढीच होती.

200 ग्रॅम, अर्धा किलो लांबून ओळखू येतील का, असे विचारणारा आवाज सूनबाईंचा निघाला. पॅकिंगची सगळी जबाबदारी त्यांच्यावर आहे, पोती त्या मोजतात, तारखेचा शिक्का त्या मारतात, आणि घटकांची ती स्वच्छ अक्षरातली यादीही त्यांचीच होती. त्यांचे प्रश्न सासऱ्यांमार्फत दिराकडे आणि दिराकडून माझ्याकडे येताना वाटेत विशेषणे होऊन येत होते. ‘मापं वेगळी ओळखू आली पाहिजेत’ याचे ‘तिन्ही पाकिटांना वेगळा फील पाहिजे’ असे झाले होते आणि त्या ‘फील’साठी मी तीन वेगळे रंग सुचवून सगळ्यांना गोंधळात टाकले होते. त्यांना फक्त वजनाचा आकडा मोठा आणि वरच्या कोपऱ्यात हवा होता, म्हणजे फळीवर एकामागे एक लावले तरी दिसेल. उठण्यापूर्वी मी एक साधा कागद केला आणि रंगाबद्दल शेवटचा शब्द काकांचा, मजकूर आणि मापांबद्दल सूनबाईंचा, इंग्रजी मजकूर आणि परवान्यांबद्दल धाकट्याचा, असे लिहून प्रत्येकाची सही घेतली. सूनबाईंनी सही करण्याआधी सासऱ्यांकडे पाहिले. काका म्हणाले, ‘कर की, तूच बघतीस न्हवं सगळं.’

त्यानंतरचे आराखडे तीनच झाले. नातवाला ‘चकचकीत नको, पण शाइन पाहिजे’ असे काहीतरी हवे होते, आणि गंमत म्हणजे ही मागणी मला एव्हाना विचित्र वाटत नव्हती, कारण ती छपाईत खरोखर करता येते. पाऊचची छपाई ग्रॅव्ह्युअर पद्धतीने, म्हणजे प्रत्येक रंगासाठी वेगळ्या कोरलेल्या सिलिंडरने, पारदर्शक फिल्मच्या आतल्या बाजूला उलटी होते. आधी रंग पडतात, शेवटी त्यांच्यामागे पांढरा पडतो आणि मग धातूच्या थराची फिल्म चिकटवली जाते. वरची फिल्म मॅट घेतली आणि आजींच्या नावाच्या अक्षरांमागचा पांढरा तेवढा काढून टाकला की सगळे पाकीट मंद दिसते आणि नाव आतल्या धातूने लकाकते. मसाल्याचा लाल मी चार मूळ रंगांच्या मिश्रणातून न काढता स्वतंत्र शाई म्हणून घेतला, त्यासाठी प्रत्येक मापाला एक जादा सिलिंडर लागला आणि तो खर्च काकांनी एका शब्दाने मान्य केला. ल अर्थातच पाकळ्यांचा राहिला, शिरोरेघही राहिली.

सगळे सुरळीत झाले असे मात्र नाही. सिलिंडर कोरून झाल्यावर दादांनी फोनची कंपनी आणि त्यासोबत नंबरही बदलला, नंबर ज्या रंगात होता त्या रंगाचे तिन्ही मापांचे सिलिंडर पुन्हा करावे लागले आणि त्यांचे पैसे कोणी भरायचे यावरून आठवडाभर थंड बोलणी झाली. प्रूफवर त्यांचीच सही होती म्हणून मी वाचले. शिवाय माल मेऐवजी जूनमध्ये आला, म्हणजे हंगामातली घरोघरची मोठी खरेदी हुकली, आणि याचा दोष निम्मा तरी माझा होता, कारण जी वही मी बाराव्या आराखड्यानंतर काढली ती पहिल्या दिवशी काढता आली असती. तयार पाकीट मला शंभर टक्के आवडते असेही नाही. मागची बाजू अजूनही दाटीची आहे आणि लसणाचा गड्डा, ज्याला कोणीच आपला म्हणायला तयार नव्हते, तो कसा कोण जाणे शेवटपर्यंत टिकून राहिला.

नोव्हेंबरमध्ये धाकट्याचा पुन्हा फोन आला. आता जवसाची चटणी काढायची होती, 100 ग्रॅमचे लहान पाऊच. ‘मॅडम, मसाल्यासारखंच पाहिजे, पण एकदम वेगळं,’ तो म्हणाला. मी विचारले, ‘हे कोणाचे म्हणणे आहे?’ पलीकडे थोडी कुजबुज झाली, भांड्यांचा आवाज आला आणि फोन आजींच्या हातात गेला. त्या म्हणाल्या, ‘पोरी, चटणी काळी असती. काळ्या पुड्यावर माझं नाव दिसंल न्हवं?’ मी वही ओढली आणि नव्या पानावर, तारीख घालून, पहिल्या रकान्यात ‘आजी’ असे लिहिले.